पुरातल्या लुगड्यांची वाकळ शिवतोय, मदत हवी आहे
आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी घरात. पेटीत भिजलेली सासूबाईंची नऊवारी लुगडी कितीदा धुतली पण पदरावरचा गाळाचा पिवळट डाग काय जाईना, टाकवतही नाही. आता गल्लीतल्या आठदहा जणी रोज दुपारी देवळात बसून प्रत्येकीचं एकेक लुगडं घालून मिळून एक मोठी वाकळ शिवतोय, आणि शिवताना पुराचं सगळं बोललं जातं, एरवी कोण बोलतंय! तर विचारायचं होतं, कुबट वास कशानं जातो, उन्हात टाकून झालं. विरलेलं लुगडं आतल्या थराला चालेल का? आणि धावदोरा कडेनं घालत आत यायचं की मधून सुरू करायचं, आमच्या मधोमध चुण्या पडायला लागल्यात, उसवू का?