मदत हवी आहे: रविवारच्या सिनेमाला लेकीला न्यावं का? (तातडीचं)

जुईची_आई
रविवारी दुपारची चार तिकिटं काढलीत, कोथरूडलाच. आता बघते तर पोस्टरवर सेन्सॉरचं यूए १३+. पाच परीक्षणं वाचली, सगळीकडे साडेतीन तारे आणि 'सहकुटुंब पाहावा असा'. न्यावं की नाही? तिकिटं आज रात्रीपर्यंतच रद्द होतात.

पेठकर
मुलगी केवढी? सिनेमा कुठला? काहीच लिहिलं नाहीत.

जुईची_आई
आठ पूर्ण. नाव व्यनि (खाजगी निरोप) करते, इथे लिहिलं तर गोष्ट फुटेल. दारावर अडवतील का?

कायदेकानू
नाही. सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे ७+, १३+, १६+ असे तीन भाग झाले, पण ते आकडे पालकांना सल्ला म्हणून आहेत. थेटरवाल्याने त्यावरून अडवायचं नसतं. ए प्रमाणपत्र असेल तर मात्र अठराच्या आतलं मूल आईवडिलांबरोबरही आत जाऊ शकत नाही.

सिंहगडरोडकर
रविवारी चांदणी चौकाकडून येऊ नका, अर्धा तास तिथेच जाईल.

दोन_मुलांचा_बाबा
सल्ला असला तरी १३ म्हणजे १३. धाकट्याला आठव्या वर्षी असंच नेलं, आठवडाभर दिवा लावून झोपला. नेऊ नका.

पेठकर
प्रत्येक मूल वेगळं असतं हो. आम्ही अलका टॉकीजला काय काय पाहिलं, कोण झोपलं नाही असं झालं नाही.

रिमोट_हाती
ओटीटीवर येईपर्यंत थांबा. २०२१ च्या नियमांनुसार तिथे वयाबरोबर कारणही द्यावं लागतं, हिंसा आहे की भाषा. १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलूपही असतं.

जुईची_आई
मारामारी, शिव्या यांचं मला काही नाही. मार्चमध्ये जुईचे आजोबा गेले. नऊ दिवस आयसीयूत होते, तिला एकदाच काचेतून दाखवलं. परवा टीव्हीवर जाहिरातीत त्या मशीनचा टीं-टीं आवाज आला, तर हातातली पोळी ताटात ठेवली आणि बाल्कनीत जाऊन दार लावून बसली. तसं काही या सिनेमात आहे का, एवढंच हवंय. पाच परीक्षणांत कॅमेरा, संगीत, अभिनय सगळं आहे, पण हे कुणीच लिहिलेलं नाही.

पडदा_आणि_मी
परीक्षकाने सगळंच सांगितलं तर बघायचं काय? त्याचं काम सिनेमा कसा जमलाय हे सांगण्याचं.

कायदेकानू
'हॉस्पिटलातला मृत्यू आहे' हे लिहायला शेवट सांगावा लागत नाही. ब्रिटनचं सेन्सॉर बोर्ड प्रत्येक सिनेमासाठी काय आणि किती आहे ते संकेतस्थळावर देतं. आपल्या पोस्टरवर नुसता आकडा. १३+ भाषेमुळे की मरणामुळे, आईने ओळखायचं कसं?

पडदा_आणि_मी
मग ते बोर्डाने लिहावं, परीक्षकाच्या गळ्यात का?

नळस्टॉप
ताई, व्यनि मिळाला. मी काल पाहिला. आहे. मध्यंतरानंतर साधारण अर्ध्या तासाने. नळ्या, मॉनिटर, आवाज मोठा, तीन-चार मिनिटं. नातू काचेबाहेर उभा असतो.

जुईची_आई
काचेबाहेर. मग नकोच. चौथं तिकीट सासूबाईंचं आहे, त्यांचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चारही रद्द करते. नळस्टॉप, खूप आभार.