टास्मानियात बर्नीला क्रूझ थांबते: आगगाडी + वाईन + प्राणी ही सहल घ्यावी का?

शुभदा_नाशिक

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत लेकीकडे मेलबर्नला जातोय. जावयांनी परस्पर टास्मानियाच्या (ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट) क्रूझचं बुकिंग करून टाकलंय. मी, हे आणि सासूबाई (वय ७९, गुडघे जेमतेम). एक दिवस जहाज बर्नी नावाच्या बंदरात सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार आहे. तिथे जहाजाची एक सहल आहे: जुन्या आगगाडीतून फेरी, मग वाईन चाखणं, मग तिथले प्राणी. माणशी चांगलेच पैसे सांगतायत.

वाईनचं आम्हाला अप्रूप नाही. धाकट्या दिरांची पिंपळगावला द्राक्षबाग आहे आणि पाहुणे आले की त्यांना गंगापूर धरणाकडे वायनरी दाखवणं हे आमच्या घरचं ठरलेलं काम. ह्यांना आगगाडीचं वेड. सासूबाईंना दोन्हीचं नाही. सहल घ्यावी, की टॅक्सी करून आपलं आपण फिरावं? कोणी गेलंय का?

मिरजकर

शुभदाताई, आम्ही दोघं जाऊन आलोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बर्नी हे काही नटलेलं बंदर नाही. सकाळी पडदा सरकवला तर समोर धक्क्यावर तांबूस ढिगारे. सौ. म्हणाली, वाळू. त्या निघाल्या लाकडाच्या चिपा, परदेशी पाठवायला रचलेल्या. माल चढवायचं बंदर असल्यामुळे धक्क्यावर पायी फिरू देत नाहीत, बसनं बाहेर नेतात.

आणि गाडी बर्नीत नाहीच! ती पन्नासेक किलोमीटरवर, डेव्हनपोर्टला. डॉन रिव्हर रेल्वे म्हणतात. १९७६ पासून हौशी मंडळी चालवतायत. जहाजाच्या पत्रकावर भकाभका धूर सोडणारं वाफेचं इंजिन छापलेलं. आमचा वार मंगळवार. फलाटाला लागली होती डिझेलवरची जुनी रेलकार. वाफेचं इंजिन रविवारी, असं तिथल्या पाटीवर स्वच्छ लिहिलेलं. पत्रकात मात्र त्याचा पत्ता नाही. नदीच्या कडेकडेनं कोल्स बीचपर्यंत तीन-साडेतीन किलोमीटर जायचं, थोडं थांबायचं, परत यायचं. झाडी सुंदर आहे. पण 'बसलो' म्हणेपर्यंत उतरायची वेळ.

माझं तोंड पडलेलं बघून गार्डाचा डगला घातलेले एक आजोबा जवळ आले. कुठून आलात वगैरे झालं. भारत म्हटल्यावर हसले आणि शेडमध्ये घेऊन गेले. आत 'एम' वर्गाचं इंजिन उभं. म्हणाले, हे तुमच्याकडचंच. १९५०च्या सुमारास टास्मानियानं इंग्लंडहून दहा इंजिनं मागवली, ती भारतातल्या मीटरगेजच्या 'वायबी' इंजिनांवरून बेतलेली. रूळ इथे साडेतीन फुटी, तेवढा फरक.

आता माझं सांगतो. वडील मिरजेच्या लोको शेडला फायरमन होते, पुणे-मिरज मीटरगेज होती तेव्हा. त्यांचा डबा पोचवायला मी जायचो. कुठल्याही दांड्याला धरण्याआधी बोटाला थुंकी लावून टेकवून बघायचं, चर्र झालं तर मागे, ही त्यांची शिकवण. इथे वर चढायला दांडा धरताना बोट आपोआप तोंडात गेलं. दांडा थंडगार. फायरबॉक्सच्या दाराची कडी मात्र तशीच, हाताच्या घासानं एका बाजूला गुळगुळीत झालेली. मी खाली आलो तेव्हा बसवाला हॉर्न देत होता. तुमच्या ह्यांना शेड बघू द्या एवढंच सांगेन. विचारावं लागतं, आपणहून नेत नाहीत.

वाईनचं थोडक्यात. चार प्रकार, प्रत्येकी दोन घोट. पिनो न्वार ही लाल वाईन कोकम सरबताच्या रंगाची निघाली. ४१ अंश दक्षिणेचा गार प्रदेश, त्यामुळे ही आणि फेसाळ वाईन तिथली खासियत. तुम्ही जाल तेव्हा घड वेलीवरच असतील, पक्ष्यांसाठी जाळी टाकलेली, तोडणी मार्च-एप्रिलकडे. दिरांना सांगा, तिथे छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत. आपल्यासारखी एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोनदा नाही. बाटली घेतलीत तर जहाजावर चढताना ठेवून घेतील आणि शेवटच्या दिवशी देतील. आमची तशीच ठेवली.

प्राणी बघताना सासूबाई खूश होतील बघा. टास्मानियन डेव्हिल हा कुत्र्याच्या पिल्लाएवढा काळा प्राणी. आवाज ऐकाल तर घाबराल. आमच्यासमोर त्याला वॉलबीची (छोट्या कांगारूसारखा प्राणी) तंगडी दिली. केस, हाड, सगळं कडाकड फोडून संपवलं. एकमेकांना चावून पसरणारा तोंडाचा कॅन्सर त्यांच्यात १९९६ साली पहिल्यांदा दिसला, तेव्हापासून रानातले फार कमी झालेत. वॉम्बॅट नावाचा तिथला गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. सौ.ला सहलीतलं एवढंच आठवतं.

हॉबर्टची_पूर्वा

टॅक्सीच्या भरवशावर राहू नका काकू, जहाज आलं त्या दिवशी बर्नीत मिळत नाही. शिवाय जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः गेलात तर थांबत नाही.

पर्समध्ये सफरचंद, केळं, कढीपत्ता काही ठेवू नका. टास्मानियात फळं-भाज्या आणण्यावर कडक बंदी आहे, उतरताना कुत्रा हुंगतो. आईच्या पिशवीतल्या एका लिंबापायी आमची सगळ्यांची तपासणी झाली होती.

बर्नीच्या किनाऱ्यावर छोटे पेंग्विन येतात, पण अंधार पडल्यावर. फेब्रुवारीत म्हणजे साडेआठ-नऊ. तुम्ही तेव्हा समुद्रात.

अण्णा_डोंबिवली

साडेतीन किलोमीटर?? नेरळ-माथेरान २१ किलोमीटर आहे, १९०७ पासून चालू आहे, आणि माकडं फुकट.

मिरजकर

अण्णा, माथेरानला जहाज लावायची सोय झाली की कळवा.

शुभदा_नाशिक

सगळ्यांचे आभार. मिरजकर, तुमचं लिहिलेलं ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. थुंकीपाशी थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग स्वतः उठून कॅलेंडर काढलं: आमचा बर्नीचा दिवस रविवार आहे! जावयांना फोन करून झालाय, त्या दिवशी इंजिन खरंच वाफेचं लावणार का ते लेखी विचारून घ्या म्हणून. सासूबाई विचारतायत, नुसतं त्या काळ्या कुत्र्याला बघायचं तिकीट वेगळं मिळतं का. वाईनवाल्याकडे त्या बसमध्येच बसून राहणार आहेत म्हणे.