एपिड्युरल (बाळंतपणाच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पाठीतून देतात ते औषध) घ्यायचा विचार आहे. सुई टोचल्यापासून बाळ होईपर्यंत नक्की काय काय होतं?

पहिलटकरीण_३४

पहिलं बाळंतपण, ३४वा आठवडा चालू आहे. डॉक्टर म्हणाल्या, "एपिड्युरल हवं असेल तर आधी ठरवून ठेवा," आणि तपासणी तिथेच संपली. घरी मात्र सगळं ऐकून झालंय: पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर धरते, कळा थांबतात, मग सिझरच होतं. मला क्रमाने सांगाल का? सुई कुठे टोचतात, किती वेळ लागतो, दुखणं किती उतरतं, पाय हलतात का, जोर लावता येतो का, आणि बिघडलं तर काय बिघडतं? सिझरच्या वेळी पाठीत देतात तेच का हे?

भूलतज्ज्ञ_नाशिक

ताई, शेवटच्या प्रश्नापासून धरतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. सिझरला बहुधा स्पायनल देतात. त्यात बारीक सुई मणक्यातल्या पाण्यापर्यंत जाते, दोनेक मिली औषध एकदाच सोडतात आणि पाच-सात मिनिटांत दोन्ही पाय लाकडासारखे होतात. एपिड्युरलची सुई त्या पाण्याच्या पडद्याच्या अलीकडेच थांबते. तिच्यातून दोऱ्याएवढी बारीक प्लास्टिकची नळी आत सरकवतात, सुई काढून घेतात आणि फक्त नळी राहते. औषध त्या नळीतून थोडं थोडं, बाळंतपण संपेपर्यंत जात राहतं.

आधी हाताला सलाईन लागतं. मग पलंगाच्या कडेला बसवतात: हनुवटी छातीला, खांदे सैल, कंबर मागे डॉक्टरांच्या दिशेने ढकललेली. पाठ अशी वाकली की मणक्यांमधली फट उघडते. जागा कमरेत, साधारण तिसऱ्या-चौथ्या मणक्यामध्ये. कातडी बधिर करायचं इंजेक्शन दहाएक सेकंद चुरचुरतं, त्यानंतर जाणवतो तो दाब. कळ येतेय असं वाटलं तर तोंडाने सांगायचं, अंग आखडायचं नाही. आम्ही हात थांबवतो आणि कळ ओसरू देतो.

आतली जागा सापडते ती हाताच्या अंदाजावर. सुईला सलाईन भरलेली सिरिंज जोडून दट्ट्यावर सतत हलका दाब ठेवतो. चिवट अस्थिबंधातून जाताना दट्ट्या हलत नाही. कातडीपासून चार ते सहा सेंटीमीटरवर तो एकदम लोण्यात गेल्यासारखा सैल पडतो. तीच ती जागा. नळी आत जाताना एखाद्या पायात क्षणभर झिणझिणी येऊ शकते. कुठल्या पायात आली ते सांगा, ते कामाचं असतं. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं. पाठीवर सूज असेल किंवा वजन जास्त असेल तर वेळ वाढतो.

मग चाचणीचा डोस. नळी रक्तवाहिनीत गेली असेल तर मिनिटभरात छाती धडधडते, कानात गुणगुणतं, तोंडात धातूसारखी चव येते. पाण्यात गेली असेल तर पाच मिनिटांत पाय जड होतात. यातलं काहीही वाटलं तरी लगेच बोला. चाचणी नीट गेली की मुख्य औषध: साधारण ०.१ टक्का बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन (नसा बधिर करणारी औषधं), सोबत दर मिलीला २ मायक्रोग्रॅम फेंटानिल (अफूच्या गटातलं वेदनाशामक), असं १० ते १५ मिली. दोन-तीन कळा जाईपर्यंत फरक जाणवू लागतो, पूर्ण आराम यायला २० मिनिटं धरा. पुढे पंपावर तासाला ८ ते १२ मिली.

लेबररूम_सिस्टर

सरांनी नळी घालेपर्यंतचं सांगितलं, पुढचे आठ-दहा तास तेवढेच महत्त्वाचे. एपिड्युरल म्हणजे एकदा टोचलं की संपलं, असं इंजेक्शन नाही. ते रात्रभर सांभाळावं लागतं, आणि त्यात बाळंतिणीने बोलणं फार गरजेचं असतं.

पहिली वीस मिनिटं दर पाच मिनिटांनी बीपी घेतात, नंतर अर्ध्या तासाने. बीपी उतरलं तर मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी बाळाचे ठोके मंदावतात. लगेच कुशीवर वळवतात, सलाईन वाढवतात, गरज पडली तर शिरेतून औषध देतात, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत जागेवर येतं. म्हणूनच उताणं झोपायचं नाही. फेंटानिलमुळे अंगाला खाज सुटते, एपिड्युरलनंतर थंडी वाजल्यासारखी थरथरही येते, त्याला घाबरू नका. लघवीची जाणीव कमी होते, म्हणून चार-पाच तासांनी नळीने मूत्राशय रिकामं करतात. भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं खाली येताना अडवतं.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती एकाच बाजूला आराम पडल्याची. उजवी बाजू शांत आणि डाव्या जांघेत कळ तशीच. याचं कारण बहुधा नळीचं टोक एका बाजूला सरकलेलं असतं. दुखणारी बाजू खाली घेऊन झोपवतात, जादा डोस देतात, जमलं नाही तर नळी सेंटीमीटरभर मागे ओढतात, आणि तेही नाही झालं तर नवीन घालतात. "थोडं दुखणारच" म्हणून दात आवळून पडू नका. तास गेल्यावर सांगितलं तर आम्हालाही ते आवरणं अवघड जातं.

पाय हलतात. दर तासाला गुडघा न वाकवता पाय उचलायला सांगतात. उचलता आला नाही तर औषध कमी करायचं असतं. बळ असलं तरी आधाराशिवाय उतरू नका, आणि सरकताना पाठीवरची चिकटपट्टी चादरीला घासू देऊ नका, नळी तिथूनच निसटते.

जोर लावताना कळ दाबासारखी कळते, शौचाला आल्यासारखी. ती जाणीव हवीच. कळली नाही तर आम्ही पोटावर हात ठेवून "आता" म्हणून सांगतो. पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर बाळ-आई ठीक असतील तर तासभर जोर न लावता डोकं आपसूक खाली येऊ देतात काही ठिकाणी.

खाण्याबद्दल नातेवाइकांना आधीच सांगा. पाणी, गाळलेलं लिंबू सरबत चालतं. दूध-तूप, शिरा नाही. अचानक पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

पहिलटकरीण_३४

इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. मला इकोस्प्रिन (ॲस्पिरिनची गोळी) चालू आहे आणि रोज रात्री पोटात रक्त पातळ करायचं ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. मग जमेल का? आणि कंबरेचं, सिझरचं खरं काय?

भूलतज्ज्ञ_नाशिक

इकोस्प्रिनचा नेहमीचा लहान डोस एपिड्युरलच्या आड येत नाही. इंजेक्शन मात्र येतं. ४० मिलिग्रॅम एनोक्सापॅरिननंतर (रक्त पातळ करायचं इंजेक्शन बहुधा हेच असतं) किमान १२ तास आणि वजनावर काढलेल्या मोठ्या डोसनंतर २४ तास पाठीत सुई घालत नाहीत, कारण मणक्यात रक्त साकळून नसा दबू शकतात. म्हणून कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या तर त्या रात्रीचं इंजेक्शन घेण्याआधी फोन करा आणि शेवटच्या डोसची वेळ लिहून ठेवा. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ताज्या तपासून घ्या. ७०-८० हजारांच्या खाली आम्ही फार विचार करतो.

कंबर सुईच्या जागी काही दिवस दुखते, ठेच लागल्यासारखी. कायमची कंबरदुखी एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत सारखीच आढळते. तिचं कारण गरोदरपण आणि वाकून बाळाला पाजणं. सिझरचं प्रमाण एपिड्युरलमुळे वाढत नाही. जोर लावायचा टप्पा लांबतो, हे खरं. पूर्वी औषध जहाल असायचं तेव्हा बाळ ओढून काढायला चिमटा-व्हॅक्यूम जास्त लागायचा. आताच्या सौम्य डोसने तो फरक जवळपास गेला आहे. आणि सिझर करावंच लागलं तर त्याच नळीतून जास्त तीव्र औषध देऊन बहुधा भागतं, पुन्हा टोचावं लागत नाही.

ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या माहितीपत्रकातले आकडे मी नेहमी सांगतो: पुरेसा आराम न पडून दुसरा उपाय करावा लागणं आठात एक, तीव्र डोकेदुखी शंभरात एक, सहा महिन्यांहून जास्त टिकणारी नसेची इजा १३,००० मध्ये एक. ती डोकेदुखी सुईने आतल्या पडद्याला भोक पडून पाणी झिरपल्याने होते. बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की उतरतं, बहुधा दोन दिवसांत सुरू होते. घरी गोळ्या खात बसू नका. तुमचंच १५-२० मिली रक्त त्या जागी सोडून भोक बुजवता येतं आणि बहुतेकींना त्याने उतार पडतो.

लेबररूम_सिस्टर

नाव नोंदवताना एक नीट विचारा: भूलतज्ज्ञ रात्री रुग्णालयातच असतात की बोलावल्यावर येतात, आणि आल्यावर थांबतात का. दिवसा मिळणारं एपिड्युरल रविवारी पहाटे मिळेलच असं नाही. पैसे वेगळे लागतात का, तासावर की एकदाच, हेही तेव्हाच. "तोंड चार सेंटीमीटर उघडल्यावरच देऊ" असं कुणी म्हटलं तर कारण विचारा. कळा नीट सुरू झाल्या असतील तर मागितल्यावर देता येतं.

आणि नळी काढल्यावर पायांत बळ काही तासांत परतायला हवं. चार तास झाले तरी पाय उचलत नसेल, किंवा आलेलं बळ पुन्हा जात असेल आणि पाठ जोरात दुखत असेल, तर सकाळच्या राउंडची वाट न बघता त्याच मिनिटाला भूलतज्ज्ञांना बोलवायला लावा.