मदत हवी आहे: गाण्यातला सूर आणि खो-खोतला सूर एकच का?

नमस्कार. ठाण्यात आमच्या सोसायटीत 8 ते 12 वर्षांच्या मुलांचा मराठी वर्ग घेते. येत्या रविवारी ‘सूर’ हा शब्द घ्यायचाय.

गाण्यातला सूर संस्कृत ‘स्वर’वरून आला, हे ठाऊक आहे. फलंदाजाला सूर गवसतो तो तिथूनच. तानपुऱ्याशी आवाज जुळला की गायकाचं जसं होतं, तसंच त्याचं. अडलंय ते पुढे. खो-खोत धावणारा हातभर अंतरावरून निसटत असतो आणि पाठलाग करणारा अंग जमिनीला समांतर झोकून देतो, तो सूर. तलावात डोकं खाली करून मारतो तोही सूर. आणि सूरपारंबी? त्यात तर वडाच्या झाडावर चढायचं असतं!

घरातल्या शब्दकोशात फक्त संगीताचा अर्थ मिळाला. दोन शिक्षकांना विचारलं, दोघांनी ‘उडी म्हणजे सूर’ एवढंच सांगितलं. अर्थ मलाही माहीत आहे, हवी आहे व्युत्पत्ती. अंदाज नको, कारण मुलांना चुकीचं सांगायचं नाही. कोशाचं नाव आणि पान मिळालं तर फारच उत्तम.

‘सूर मारणे’मधला सूर ‘स्वर’वरूनच आला, की तो मुळातच वेगळा शब्द आहे?