मदत हवी आहे: अंगणवाडीच्या तपासणीत मुलाला कानासाठी रेफर केलंय, पुढे काय करू?

नमस्कार, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सांगता येणार नाही.

माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा, गावातल्या अंगणवाडीत जातो. मागच्या आठवड्यात तिथे आरबीएसकेची (मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम) टीम आली होती, डॉक्टर, सिस्टर सगळे गाडीतून येतात, वर्षातून दोनदा असतं. वजन, उंची, दंडघेर झालं, त्यात काही नाही. पण डॉक्टर मॅडमनी त्याला मागून हळू हाक मारली तर पठ्ठ्याने मान वळवलीच नाही, मग मला विचारलं किती बोलतो, तर "आई पाणी", "बाबा गाडी" एवढंच, बाकी बोट दाखवून काम भागवतो. आता सिव्हिलच्या डीईआयसीला (लहान मुलांच्या अशा अडचणी लवकर तपासून उपचार करणारं केंद्र) दाखवा म्हणून चिठ्ठी दिलीये.

सासूबाई म्हणतात याचे बाबापण उशिराच बोलले आणि आता गप्प बसवावं लागतं. मिस्टरांचं म्हणणं, अंगणवाडीत एवढा गोंगाट, तिथे कसलं ऐकणं तपासतात (हे मला थोडं पटतं). इथल्या एका प्रायव्हेट डॉक्टरांनी जीभ उचलून बघितली, चिकटलेली नाही म्हणाले, सहा महिने थांबा. कानात बघितलंसुद्धा नाही! ताट पडलं की दचकतो, म्हणजे बहिरा नाही ना? पण सर्दी कायम असते आणि टीव्ही मोठ्ठा लागतो त्याला.

तर थांबू की जाऊ? आणि बेरा टेस्ट म्हणजे काय, झोपेचं औषध देतात असं ऐकलंय, त्याचीच जास्त भीती वाटतेय. सिव्हिलला पैसे किती लागतील?

दोन_पोरांची_आई:
जा, थांबू नका. आमच्या धाकटीला पण अंगणवाडीतूनच पाठवलेलं, डोळ्यांसाठी. आरबीएसकेमधून रेफर झालं की पुढची तपासणी, उपचार फुकट असतात, फक्त ती चिठ्ठी हरवू नका. लसीकरणाचं कार्ड आणि आधार सोबत ठेवा. टीमच्या सिस्टरचा नंबर सेविकाताईंकडे असतो, आधी फोन करून ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे) कोणत्या वारी असतात ते विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते.

स्पीचवाली:
मी याच कामात आहे म्हणून सांगते. ताट पडल्यावर दचकतो यावरून फक्त मोठा आवाज पोचतो एवढंच कळतं. सतत सर्दी असलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधीकधी पाणी साचतं, मग हळू बोललेलं अर्धवट पोचतं, स, श, फ असले बारीक आवाज तर निसटतातच, आणि जे ऐकूच येत नाही ते मूल बोलणार कसं? हेच असेल असं मी इथून सांगू शकत नाही पण बघायला हवं. आधी ईएनटीकडून मळ आणि पडदा बघून घ्या, मग टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडदा नीट हलतो का, मागे पाणी आहे का ते बघायची टेस्ट, दोन मिनिटांचं काम, दुखत नाही. गोंगाटाचं तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे, पण ती तपासणी फक्त संशय घेण्यासाठीच असते, खरं काय ते पुढच्या टेस्टमध्ये कळतं. बेरा म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत नीट पोचतो का ते बघायची टेस्ट, त्याला मूल शांत झोपलेलं लागतं, डोक्याला छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, सुई नाही. औषध दरवेळी द्यावं लागतंच असं नाही, रात्री उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवून आणलं तर बरीच मुलं आपणहून झोपतात. द्यायचं ठरलंच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि सर्दी-ताप असेल तर आधी सांगा. मुंबईला येणं जमत असेल तर वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, पण आधी सिव्हिल करा.

धागाकर्ती:
दोघींना खूप खूप थँक्स. सेविकाताईंना फोन केला, नंबर मिळालाय. आता एकच शंका, आमच्याकडून सिव्हिल एसटीने दोन तास, हा अर्धवट झोपेत उठवला तर गाडीतच घोरत पडेल, मग तिथे कुठला झोपतोय?

दोन_पोरांची_आई:
खिडकीची सीट द्या आणि बिस्किटाचा पुडा हातात ठेवा 😄 आदल्या दिवशी जवळ कोणाकडे मुक्काम जमला तर सगळ्यात बरं.