अमेरिकेतील फॉरेन ट्रेड झोन आणि मोटारींच्या सुट्या भागांवरील आयात शुल्क

अबोली:
नमस्कार. अमेरिकेत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी उत्पादन विभागात काम करत होते. नुकतेच माझ्याकडे आयातीच्या नियोजनाचे काम आले आहे. आम्ही ज्या जुळणी कारखान्याला माल पुरवतो तो फॉरेन ट्रेड झोनचा सबझोन (म्हणजे एका कारखान्यापुरता मंजूर झालेला झोन) आहे आणि आम्हीही तो दर्जा घ्यावा का, यावर सध्या चर्चा चालू आहे. झोनची जागा शुल्कापुरती देशाबाहेरची मानली जाते, एवढे मला समजले. पण तयार होणाऱ्या बहुतेक गाड्या शेवटी अमेरिकेतच विकल्या जाणार असतील, तर शुल्क आज भरले काय आणि दोन महिन्यांनी भरले काय, फरक तो केवढा पडणार? तेवढ्यासाठी एवढा कागदोपत्री खटाटोप कोणी का करील? दुसरे असे की, २०२५ मध्ये सुट्या भागांवर लागलेले २५ टक्के शुल्क झोनमुळे टळते असे आमच्याकडे एक जण ठामपणे सांगतो आणि दुसरा तितक्याच ठामपणे नाही म्हणतो. यातले खरे काय?

दर्यावर्दी:
अबोली, शुल्क लांबणीवर पडते हा झोनचा लहान फायदा आहे. मोटार उद्योग झोनकडे वळला तो दरांच्या उलट्या उतरंडीमुळे. अमेरिकेत प्रवासी मोटारीवरचे मूळ शुल्क २.५ टक्के आहे. मात्र त्याच मोटारीत बसणाऱ्या वायरिंग हार्नेसवर (विजेच्या तारांच्या जुडग्यावर) ५ टक्के, रेडियल टायरवर साधारण ४ टक्के आणि बॉल बेअरिंगवर ९ टक्के आहे. म्हणजे आख्खी गाडी परदेशातून आणणाऱ्याला कमी दर, आणि भाग आणून देशातल्या कामगारांकडून ती जुळवून घेणाऱ्याला जास्त दर. झोनमधल्या कारखान्याला हा अन्याय दूर करण्याची मुभा मिळते: भाग शुल्क न भरता आत आणायचे, गाडी जुळवायची, आणि ती कुंपणाबाहेर पडताना त्या परदेशी भागांवर गाडीचा दर लावून शुल्क भरायचे.

झोनचा कायदा १९३४ चा आहे, परंतु त्यात उत्पादनाला परवानगी मिळाली ती १९५० च्या दुरुस्तीने; तोपर्यंत माल साठवणे, वेगळा करणे, पुन्हा बांधणे एवढेच चालत असे. मोटारवाल्यांना खरा हुरूप आला तो १९८० मध्ये, जेव्हा झोनमध्ये केलेली मजुरी, तिथला वरखर्च आणि नफा शुल्काच्या मूल्यात धरायचा नाही, असे ठरले. त्यामुळे शुल्क गाडीच्या किमतीवर नव्हे, तर आतल्या परदेशी मालाच्या मूल्यावरच बसते. टेनेसीतील स्मर्ना येथील निसान आणि दक्षिण कॅरोलिनातील स्पार्टनबर्गजवळचा बीएमडब्ल्यू असे मोठे कारखाने सबझोन झाले त्यामागे हा हिशेब आहे.

समजा, एका गाडीत १०,००० डॉलरचे परदेशी भाग आहेत आणि त्यांच्यावरचा सरासरी दर ४ टक्के आहे. झोन नसेल तर शुल्क ४०० डॉलर, झोनमध्ये गाडीचा दर लावला तर २५० डॉलर. वर्षाला दोन लाख गाड्या निघत असतील तर फरक तीन कोटी डॉलरचा होतो. खटाटोप त्यासाठी करतात.

तुमचा कारखाना मात्र गाडी बनवत नाही, भाग बनवतो, हे ध्यानात ठेवा. तुमचा माल सबझोनमधून थेट त्या जुळणी कारखान्याच्या सबझोनमध्ये शुल्क न भरता हलवता आला, तरच गाडीच्या दराचा लाभ साखळीच्या टोकापर्यंत पोहोचतो. तुम्ही मधेच तो देशांतर्गत बाजारात उतरवलात, तर तुम्ही बनवलेल्या भागाचा दर लागेल, गाडीचा नाही.

मोरपंख:
वरच्या उत्तरात एक महत्त्वाचा दुवा आला नाही, तो म्हणजे मालाचा दर्जा. परदेशी माल झोनमध्ये घेताना सीमाशुल्क विभागाच्या २१४ क्रमांकाच्या अर्जात तो 'प्रिव्हिलेज्ड फॉरेन' आहे की 'नॉन-प्रिव्हिलेज्ड फॉरेन', हे सांगावे लागते. पहिल्या प्रकारात वर्गवारी आणि दर आत येतानाच्या स्थितीनुसार कायम होतात, म्हणजे हार्नेस पुढे गाडीत बसला तरी शुल्कापुरता तो हार्नेसच राहतो. दुसऱ्या प्रकारात बाहेर पडताना मालाचे जे रूप असेल त्याचा दर लागतो. गाडीच्या २.५ टक्क्यांचा लाभ केवळ या दुसऱ्या प्रकाराला मिळतो.

मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो तिथे एका कर्मचाऱ्याने आधीच्या आठवड्यातला अर्ज समोर ठेवून नवा भरला. आधीचा माल पोलादाचा होता आणि त्याला 'प्रिव्हिलेज्ड' दर्जा घेणे सक्तीचे होते. नवा माल होता हार्नेसचा, खोक्यांच्या एकवीस थप्प्या. रकान्यातली अक्षरे तशीच राहिली. चूक लक्षात आली तेव्हा निम्मे हार्नेस गाड्यांच्या डॅशबोर्डमागे बसलेले होते, आणि एकदा घेतलेला तो दर्जा सोडता येत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. त्या संपूर्ण मालावर ५ टक्के भरावे लागले. म्हणून कोणाला कितीही घाई असो, हा रकाना दोघांनी तपासल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सांजवारा:
२५ टक्क्यांबद्दल तुमच्याकडचा 'नाही' म्हणणारा बरोबर आहे. मार्च २०२५ च्या आदेशाने आयात मोटारींवर ३ एप्रिलपासून आणि इंजिन, ट्रान्समिशन, विद्युत घटक अशा ठरावीक भागांवर ३ मेपासून जादा शुल्क लागले, आणि असा परदेशी माल झोनमध्ये 'प्रिव्हिलेज्ड फॉरेन' म्हणूनच घ्यावा लागेल, हे त्याच आदेशात लिहिले गेले. याचा अर्थ, मोरपंख यांनी ज्या रकान्याची गोष्ट सांगितली त्यात आता या भागांपुरती निवडच उरलेली नाही. २०१८ च्या पोलाद आणि ॲल्युमिनियमवरील शुल्काच्या वेळी हाच मार्ग अवलंबला होता. माझ्या मते झोनच्या नव्वद वर्षांच्या इतिहासात मोटार उद्योगाला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का आहे, कारण झोनचा गाभा कुंपणात कधीच नव्हता. तो या निवडीत होता.

ती निवड नेहमी एकाच बाजूने करायची असते, असेही नाही. पिकअप ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के शुल्क आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर वाढवल्याचे ते प्रत्युत्तर होते आणि भांडण विसरले गेले तरी दर तसाच राहिला. पिकअप जुळवणाऱ्याने भाग 'नॉन-प्रिव्हिलेज्ड' ठेवले तर ५ टक्क्यांचा हार्नेस बाहेर पडताना २५ टक्क्यांचा होईल. तिथे 'प्रिव्हिलेज्ड' दर्जा मुद्दाम मागून घेणेच हिताचे असते.

अबोली:
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आमचे भाग त्या २५ टक्क्यांच्या यादीत आहेत का ते मी एकेक वर्गवारी क्रमांक लावून तपासले. हार्नेस आणि कनेक्टर आहेत, काही रबरी भाग नाहीत. आता एकच शंका उरली. आमच्या मालाचा काही हिस्सा कॅनडात जातो. निर्यातीवर झोनमध्ये शुल्क लागत नाही ना?

दर्यावर्दी:
इतर देशांना पाठवलात तर लागत नाही, कॅनडा आणि मेक्सिकोच्या बाबतीत मात्र लागू शकते. या तीन देशांमधल्या नाफ्टा या जुन्या व्यापार कराराने घातलेले हे बंधन २०२० च्या नव्या करारातही राहिले. झोनमध्ये परदेशी मालापासून बनवलेली वस्तू या दोन देशांत गेली, तर ती अमेरिकेतच विकली असे समजून शुल्काचा हिशेब होतो आणि निर्यातीपासून ६० दिवसांत ते भरावे लागते. तिकडे भरलेले शुल्क आणि इकडचे शुल्क यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच सूट मिळते. तुमचा माल करारानुसार कॅनडात शुल्कमुक्त जात असेल, तर तिकडची रक्कम शून्य, म्हणून सूटही शून्य. अर्थात ही सवलत कोणत्या शुल्कांना लागू आहे, हे प्रत्येक आदेशात पाहावे लागते. तुमच्या हार्नेसवरचे जादा शुल्क त्यात बसते का, हे सीमाशुल्क दलालाकडून लेखी घ्या.

रबरी भागांसाठी मात्र झोनचा विचार सोडू नका. 'प्रिव्हिलेज्ड' दर्जाची सक्ती असलेले दुसरे कोणते जादा शुल्क त्यांना लागत नसेल, तर ते 'नॉन-प्रिव्हिलेज्ड' ठेवता येतील, खराब निघून झोनमध्येच नष्ट केलेल्या मालावर शुल्क पडणार नाही, आणि आठवड्याभराचा माल एकाच नोंदीने बाहेर काढल्यास प्रत्येक नोंदीमागे लागणारे प्रक्रिया शुल्कही वाचेल. उत्पादनाची सूचना झोन मंडळाकडे द्यावी लागते व त्यांचा निर्णय साधारण १२० दिवसांत येतो, तेव्हा हिशेब जमत असेल तर ती आताच तयार करायला घ्या.