मदत हवी आहे: तलाव गोठायच्या आत अण्णांना एक वॉलआय मासा मिळवून द्यायचाय (मिनेसोटा)

देवगडचो_झील | २१ ऑक्टोबर

मंडळी, जरा घाईत लिहितोय, विस्कळीत वाटलं तर समजून घ्या.

मी मिनीॲपोलिसच्या उपनगरात राहतो, मूळ गाव देवगड. अण्णा (वय ६८) ऑगस्टपासून आमच्याकडे आहेत आणि १४ नोव्हेंबरला परत जातायत. शाळेतली नोकरी सांभाळून माणसाने जन्मभर खाडीत गरवलंय. इथे आल्यापासून मॉल ऑफ अमेरिका, धबधबा, नायगराचं विमानाचं तिकीट, सगळ्याला "बरां आसा" एवढंच. पण एका दुकानात पेंढा भरलेला वॉलआय दिसला तर त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे. डोळे बघून म्हणाले, हो तर चोणकाचो भाव (चोणक हा आमच्याकडचा मासा, भाव म्हणजे भाऊ). तेव्हापासून डोक्यात आहे की जाण्याआधी त्यांच्या हाताला एक तरी वॉलआय लागावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा. १९६५ सालापासून अधिकृत. डोळ्यामागे चकाकणारा पडदा असतो, म्हणून अंधुक उजेडात त्याला बाकीच्यांपेक्षा चांगलं दिसतं आणि टॉर्च मारला की डोळे काचेसारखे चमकतात.

आता रडगाणं. ब्रेनर्डजवळ गल लेकवर दोन शनिवार वाया गेले. जूनमध्ये ज्या पाणवनस्पतींच्या कडेला ८-१० फुटांत मला चार मिळाले होते, तिथेच गेलो. तीच जिग (वजनदार डोक्याची गरी), तेच मिनो (आमिषाचे छोटे मासे). पहिल्या खेपेला दोन बोटभर पर्च मासे. दुसऱ्या खेपेला तेही नाहीत. पाणी हिरवट, गढूळ, कुजकी पानं वर आलेली, किंचित वास. बोटीवरचा आकडा ५४ फॅरनहाइट (साधारण १२ सेल्सियस). अण्णांनी पाण्यात हात घातला, बोटं हुंगली आणि म्हणाले, "पाणी पालटला हा. आज काय गावाचा नाय." आणि थर्मासातला चहा पीत बसले. खरंच काही गावलं नाही.

प्रश्न:
मासे गेले कुठे? खोल गेले असतील तर किती?
बोट भाड्याने देणारा म्हणतो की याच आठवड्यात बोटी आत ओढणार. मग काय करायचं? काठावरून जमेल का?
अण्णांना लायसन्स लागतं का? ते पर्यटक व्हिसावर आहेत.
आणि थंडी. आमच्या हिला हे सगळं वेडेपणाचं वाटतंय.

---

गळ_आणि_गप्पा | २१ ऑक्टोबर

अण्णांना दंडवत. त्यांनी जो शब्द वापरला तोच या गोष्टीला हवा. इथे याला टर्नओव्हर म्हणतात, पण 'पाणी पालटणं' जास्त बरोबर आहे.

होतं असं. पाणी सगळ्यात जड असतं ४ सेल्सियसला. उन्हाळ्यात वर कोमट पाण्याचा थर आणि खाली गार पाण्याचा, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरात ऑगस्टपर्यंत प्राणवायू संपत येतो, म्हणून मासा तिकडे फारसा जात नाही. शरदात वरचं पाणी गार होऊन जड होतं, बुडू लागतं, जोराचा वारा सुटला की वरचा-खालचा भेद मोडतो आणि आख्खा तलाव ढवळून निघतो. तुम्हाला जो वास आला तो तळाचा. त्या आठवड्याभरात मासा सगळीकडे विखुरलेला असतो आणि कुठेच नसतो. उत्तम गळवालेही तेव्हा घरी बसून रीळला तेल घालतात.

पण हे संपलं की दिवस बदलतात. आता तळापर्यंत प्राणवायू आहे, त्यामुळे मासा खोल उतरू शकतो. वनस्पती मेल्या, त्यांच्या आडोशाचे छोटे मासे तिथून निघाले, म्हणून तुमची जूनची जागा आता रिकामं घर आहे. ५० फॅरनहाइटच्या (१० सेल्सियस) खाली पाणी गेलं की वॉलआय तीव्र उताराच्या कडेला, २५ ते ४० फुटांत थव्याने बसतो. माद्यांच्या पोटात वसंतातल्या अंड्यांची तयारी सुरू झालेली असते, त्यामुळे भूक असते. पण हालचाल मंद. जिग वर फेकून झटके देऊ नका. तळाला टेकवा, वीतभर उचला, थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा.

एक मात्र सांगून ठेवतो: ३० फुटांखालून ओढलेला मासा सोडून दिला तरी जगेलच असं नाही, हवेची पिशवी फुगते. तेवढ्या खोलात "छोटा आहे, सोडू" असा खेळ करू नका. हवे तेवढे घ्या आणि गळ गुंडाळा.

---

रात्रीचा_पाहरेकरी | २१ ऑक्टोबर

वरच्यांशी अर्धा सहमत. खोल हा एक रस्ता. दुसरा रस्ता बरोबर उलटा. नोव्हेंबरात टुलिबी मासे अंडी घालायला खडकाळ काठाला येतात आणि मोठ्या माद्या त्यांच्या मागे ४ ते ८ फुटांत. सूर्य मावळल्यावर दोन तास, पौर्णिमेच्या आसपास तर विचारूच नका. वेडर (पाण्यात उभं राहायची रबरी विजार) घालून काठावरून लांबट क्रँकबेट (माशाच्या आकाराचं खोटं आमिष) टाकायचा, अगदी सावकाश ओढायचा, मध्ये सोडून द्यायचा. बोट नको, भाडं नको. माझा सगळ्यात मोठा, २८ इंची, असाच आलाय. रॉडच्या कड्यांत बर्फ धरतं, ते दर पाच फेकींनी पाण्यात बुडवून काढायचं, बस्स.

---

दुलूथची_वहिनी | २२ ऑक्टोबर

पाहरेकरी भाऊजी, तुम्ही तरुण आहात. ६८ वर्षांच्या देवगडच्या माणसाला उणे पाचात, अंधारात, निसरड्या दगडांवर, कमरेएवढ्या पाण्यात उभं करायचं? हिला वेडेपणा वाटतोय तर ही बरोबर आहे.

मी इथे इस्पितळात काम करते, दर शरदात एखादी तरी केस बघते. म्हणून थोडं रागावूनच लिहिते. इथल्या पाण्यात आता कोणी पडलं तर १-१०-१ लक्षात ठेवा. पहिलं १ मिनिट धाप लागते, त्यात श्वास आवरायचा. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे माणूस थंडीने नाही, पहिल्या दहा मिनिटांत बुडून जातो. पोहता येतं हे इथे कामाचं नाही, खाडीत वाढलेल्याला तर हे पटवणं फार अवघड. लाइफ जॅकेट अंगात. बसायच्या गादीखाली ठेवलेलं जॅकेट म्हणजे घरी ठेवलेलं जॅकेट.

लायसन्स: हो, लागतं. १६ वर्षांवरच्या बाहेरच्या माणसाला नुसता रॉड धरायचा तरी लागतं. अण्णांसाठी २४ किंवा ७२ तासांचं घ्या, ऑनलाइन मिळतं, पासपोर्ट हाताशी ठेवा. आणि उघड्या पाण्यावर माणशी एकच गळ चालतो. दोन फक्त बर्फावर.

---

देवगडचो_झील | २२ ऑक्टोबर

वहिनी, तुमचा प्रतिसाद हिला वाचून दाखवला. ती आता तुमच्या बाजूला. रात्रीचा बेत रद्द. अण्णांना १-१०-१ सांगितलं तर म्हणाले, "माका काय शिकवतंस, मी तौक्तेत होडी ओढलंय." आणि अर्ध्या तासाने हळूच विचारलं, ता जाकीट माझ्या मापाचा गावात काय.

बोटीचा प्रश्न शिल्लकच आहे.

---

बॉडेटची_वारी | २२ ऑक्टोबर

तुम्ही गल लेक सोडा आणि गाडी उत्तरेला काढा. लेक ऑफ द वूड्स. तुमच्याकडून पाचएक तास. बॉडेट गावात ४० फुटी वॉलआयचा पुतळा आहे, अण्णांचा फोटो तिथेच होऊन जाईल, निदान मासा 'मिळाला' म्हणता येईल.

गंमत बाजूला. शरदात एमराल्ड शायनर नावाचे चंदेरी बोटभर मासे तलावातून रेनी नदीत शिरतात आणि त्यांच्यामागून वॉलआय. म्हणजे एवढ्या अफाट तलावात मासा शोधत फिरायचं नाही, मासा तुमच्याकडे येतो. कोकणात पावसाच्या सुरुवातीला मासे चढणीला लागतात ना, त्याचीच उलट्या ऋतूतली बहीण. फोर माइल बे, लाइटहाउस गॅप आणि नदीचा खालचा भाग. १० ते २५ फूट पाणी, त्यामुळे वर सांगितलेला खोलीचा धोकाही नाही.

बोट भाड्याने घेऊ नका, गाइड घ्या. महाग आहे, पण नोव्हेंबरात डॉक काढलेले, रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) आधीच्या ट्रेलरचं पाणी सांडून बर्फाची काच झालेली, आणि गाडी मागे घेताना ट्रेलरसकट घसरणारा दर वर्षी एक तरी असतो. मी स्वतः होतो एकदा. बायको अजून तो व्हिडिओ पाहुण्यांना दाखवते.

सामान: ७ ते १० ग्रॅमची जिग, सोनेरी किंवा सोनेरी-गुलाबी. तिकडचं पाणी चहासारखं तांबूस आहे, त्यात सोनेरी दिसतं. आमिष गोठवलेला शायनर. तोंडातून गरी घालून कल्ल्यातून बाहेर काढा, वळवून पाठीत खुपसा, मासा सरळ राहिला पाहिजे. वाकडा लावला की गरगर फिरतो आणि वॉलआय तोंड लावत नाही.

मर्यादा: वॉलआय आणि सॉगर (त्याचाच छोटा भाऊबंद) मिळून माणशी ६, त्यात वॉलआय ४ पर्यंत. १९.५ ते २८ इंचांमधला ताबडतोब सोडायचा. आकडे बदलत असतात, चालू वर्षाचं नियमपुस्तक बघूनच जा. बोटीवर मासा कापू नका, मोजता आला पाहिजे. उरलेलं आमिष पाण्यात नाही, कचऱ्यात.

आणि व्हिसावाल्यांसाठी खास: सरहद्द नदीच्या मधून जाते. पलीकडे कॅनडा. तिकडे गळ टाकायला ऑन्टॅरिओचं लायसन्स लागतं. अण्णांची परतीची तारीख आहे, वाहत वाहत परदेशी जाऊ नका.

---

गळ_आणि_गप्पा | २३ ऑक्टोबर

बॉडेटला अनुमोदन. माझी गल लेकची बाजू मी मागे घेतो.

एकच पुस्ती. गार पाण्यात वॉलआय झटका देत नाही. नुसतं जड लागतं, ओला फडका अडकल्यासारखं. नवखे त्याला कचरा समजून वाट बघतात आणि मासा थुंकून जातो. दोरी बोटावर ठेवा.

---

देवगडचो_झील | ३ नोव्हेंबर

वृत्तांत देतोय. काल जाऊन आलो.

पहाटे २१ फॅरनहाइट (उणे ६ सेल्सियस). अण्णा कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर माझ्या जॅकेटचं टोपडं, आणि सगळ्यावर केशरी लाइफ जॅकेट. पुतळ्याचा फोटो झाला. गाइड साठीचा, मितभाषी. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण नांगर टाकून झाल्यावर अण्णांनी दोरी कशी बांधलीये ते बघून मान डोलावली आणि त्यानेही डोलावली. पुढचे पाच तास संभाषण एवढंच.

मला तासाभरात १६ इंची वॉलआय. मग एक सॉगर. मग २२ इंची, तो लगेच सोडला. अण्णांना काही नाही. त्यांनी रॉड गुडघ्यावर टेकवून दोरी तर्जनीवर घेतली, खाडीत घेतात तशीच, हातमोजा काढून. मी ओरडलो, ऐकलं नाही. गाइडने नुसता हाताची ऊब देणारा पुडा त्यांच्या खिशात सरकवला.

साडेबाराला अण्णा म्हणाले, "आसा." मला काहीच दिसलं नाही. त्यांनी मनगट उचललं आणि रॉड वाकला. मिनिटभर सावकाश, जड ओढ. मी जाळं घेऊन तयार, मोबाइल चालू. वर आला तो वॉलआय नव्हताच. लांबडा, ठिपकेदार, बुळबुळीत, हनुवटीला एकच मिशी, वर येताच अण्णांच्या मनगटाला शेपूट गुंडाळून बसला. बरबॉट! इथले लोक नाक मुरडतात. गाइडने माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि सोडायला हात पुढे केला.

अण्णांनी मासा छातीशी धरला. म्हणाले, "ह्येका खय सोडतंस? ही तर वाम."

मी सांगितलं, वाम नाही, गोड्या पाण्यातला कॉड आहे. काही फरक पडला नाही. शेवटपर्यंत वॉलआय त्यांना मिळाला नाही आणि परतीच्या पाच तासांत त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. बरबॉटचं कालवण कसं होईल यावरच बोलत होते. तिरफळं देवगडहून आणलेली आहेत.

आता तातडीची मदत हवी आहे. याची कातडी निघत नाहीये. खवले हाताला लागत नाहीत, सुरी घसरते. अण्णा गॅरेजमध्ये पाटावर बसलेत आणि ही दार लावून आत.

---

दुलूथची_वहिनी | ३ नोव्हेंबर

सुरी ठेवा. डोक्यामागे फक्त कातडीपुरता गोल काप द्या, डोकं फळीवर खिळ्याने अडकवा, टूलबॉक्समधली पकड घ्या आणि कातडी शेपटीकडे मोज्यासारखी ओढा. मांस पाठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत आहे. कालवण मंद आचेवर, जास्त शिजवलं तर रबर होतं.

तिरफळं किती घातलीत ते कळवा.

---

देवगडचो_झील | ३ नोव्हेंबर

निघाली. सात. अण्णा म्हणतात आठ हवी होती.